पूर्ण कल्पना आहे

१. रुग्णाचे पूर्ण नाव

चंद्रावती दयाराम भोपी. स्नेहलने ऑगस्टमध्ये, निळ्या पेनाने लिहिलं होतं.

२. वय

अठ्ठावन्न. किंवा साठ. आधार कार्डावर एक आणि नणंदेच्या, गुणाआत्यांच्या, तोंडी दुसरं. मिठागराचा मोठा बांध फुटला त्या सालचा वहिनीचा जन्म, असं गुणाआत्या छातीठोक सांगायच्या, पण बांध कुठल्या साली फुटला ते आता सांगणारं कुणी उरलं नव्हतं, आणि मिठागरही नव्हतं. स्नेहलने कार्डावरचं लिहिलं.

३. सोबत येणाऱ्या व्यक्तीचे नाव व नाते

स्नेहल निकेश भोपी. सून.

या तिसऱ्या ओळीपायीच आज तिला हॉलच्या मधोमध खुर्ची देऊन बसवलं होतं. बाकीचे सोफ्यावर. रविवारची सकाळ, अकरा वाजून गेलेले. विमानतळात गेलेल्या शेताच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर हे तीन मजली घर उभं राहिलं तेव्हा हॉल मुद्दाम मोठा ठेवला होता, घरातलं हळदीचं कार्य घरातच व्हावं म्हणून. त्या हॉलमध्ये आज पाच माणसं होती आणि तरी जागा अपुरी वाटत होती.

"उलव्याची ती बाई तुला ओलखीत व्हती का नाय, तेवरंच सांग," महादेवकाका म्हणाले. दयाराम गेल्यापासून घरात शेवटचा शब्द त्यांचा, धाकट्या भावाचा.

"मला नाही ओळखत, काका. गुरुवारी वर्गात आईंना ओळखलं तिने. म्हणाली, तुमी धवलारीन बाय ना?"

काकांनी डोळे मिटले.

न ओळखून कसं चालेल? चाळीस वर्षं चंद्रावती लग्नामागून लग्नं धवल्यांची गाणी गात फिरली होती. पनवेलपासून करंजापर्यंत निम्म्या जोडप्यांना हळद लागताना तिचाच आवाज कानावर पडला होता. गर्दीत कुठेही उभी राहिली तरी एखादी बाई लगबगीने यायची, पाया पडायची, नवऱ्याला ओढून आणायची, "बग, आपल्या लग्नातली." लपवायला यापेक्षा वाईट चेहरा सापडला नसता.

"आन ती बाई ऱ्हाते कुठं?"

"उलव्याला. बहिणीला घेऊन येते वर्गाला. हृतिकच्या गल्लीतलीच आहे म्हणे."

"गल्लीतलीच," गुणाआत्या म्हणाल्या. हृतिक, दिपिकाचा होणारा नवरा. चंद्रावतीची ही नणंद करंजाहून पहाटेच निघाली होती, येताना पिशवीभर सुके बोंबील घेऊन. चंद्रावतीला त्या वासाने उमासे यायचे, म्हणून पिशवी जिन्याखाली ठेवली होती. तरी वास होताच. "मादेवा, संपलं रं सगलं."

"संपत काय नाय. बोलली नसेल ती अजून. बोलली असती तर उलव्याचा फोन आला असता." काका स्नेहलकडे वळले. "तो वर्ग आता बंद. लगीन व्हईपर्यंत. पाच आठवरे."

४. निदानाची तारीख

हा रकाना तिने रिकामा सोडला होता. फाईल निकेशच्या कपाटात होती आणि किल्ली त्याच्या खिशात. वैशाखातली ती तारीख तिला पाठ होती. तरी लिहिताना हात अडला. स्तनातली गाठ, मग हाडं, मग फुप्फुसाभोवती पाणी. एवढं सगळं एका तारखेचं कसं असेल?

५. सध्याच्या तक्रारी

धाप. पाठदुखी. झोप नाही. रात्री घाबरून उठून बसतात.

डॉक्टरांनी जुलैत निकेशला आणि काकांना आत बोलावून सांगितलं होतं, केमो झेपणार नाही, गोळ्या देऊ, त्रास कमी ठेवू. आणि जाता जाता म्हणाले होते, खारघरला एका संस्थेचा वर्ग आहे, अशाच बायकांसाठी, योग शिकवतात, नेऊन बघा. काकांनी त्यातला एकच शब्द धरला होता. योग. टीव्हीवर सकाळी कुणी ना कुणी पोट आत ओढत सांगत असतंच की यानं सगळं बरं होतं.

म्हणून परवानगी मिळाली होती. आणि आता तोच शब्द उलटला.

"चार मयने झाले जातंय," काका म्हणाले. "कमी झाली का गाठ? पानी दोनदा कारलं. मंग कनाला जायाचं? लोकांना दाखवाया?"

"वर्ग गाठीसाठी नाहीच, काका."

"मंग?"

कसं सांगायचं ते स्नेहलला कळेना. तिने पाहिलं होतं ते असं: एक लांब खोली, बारा खुर्च्या, बारा चटया, गाद्यांसारख्या जाड उशा. ऋचा नावाची मुलगी, तिशीतली, खारघरचीच, शिकवताना सारखी म्हणायची, दुखलं तर थांबा, इथे कुणी पहिलं येत नाही. कुणाला पुढे वाकू द्यायची नाही, कुणाला पाठ पिळू द्यायची नाही. एकेकीचं हाड कुठे कच्चं आहे ते तिला पाठ होतं. खुर्चीत बसून हात वर. श्वास आत चार, बाहेर सहा. मग ओठ मिटून घशातून हुंकार. पहिल्या दिवशी चंद्रावतीचा हुंकार अर्ध्यातच तुटला आणि खोकल्याची उबळ आली. बाकीच्या अकरा जणी थांबल्या. कुणी चुकचुकलं नाही, कुणी पाणी घेऊन धावलं नाही. तिची उबळ संपेपर्यंत थांबल्या आणि पुन्हा सुरू केलं.

ज्या बाईने रात्रभर बसून धवले म्हटले तिला आता सहा आकडे मोजेपर्यंत श्वास सोडता येत नव्हता. ऑक्टोबरात ती पाचपर्यंत गेली. त्या दिवशी घरी येताना गाडीत तिने स्नेहलच्या मांडीवर बोटांनी हळू ठेका धरला होता.

"त्यांना बरं वाटतं," स्नेहल म्हणाली. फार लहान वाक्य होतं ते.

"बरं वाटतं!" निकेश एवढा वेळ मोबाईलमध्ये होता, त्याने मान वर केली. त्याचे डंपर भरावाच्या कामावर होते. रविवारीही फोन थांबत नसत. "स्नेहल, पाच आठवडे. पाच. घरी कर ना त्यांच्याकडून. व्हिडिओ बघून कर."

"एकट्या नाही करत त्या. करून बघितलं."

"वहिनी." हा आवाज जिन्यावरून आला. निकेशची बहीण दिपिका पाचव्या पायरीवर बसली होती, केसांना तेल लावलेलं, पाय पोटाशी. पुढच्या महिन्यात नवरी. "पाचच आठवडे तर. माझ्यासाठी."

या घरात आल्यापासून दिपिका कायम तिच्या बाजूने उभी राहिली होती. नोकरीच्या वेळी, वेगळ्या स्वयंपाकघराच्या वेळी. आज ती पायरीवर होती आणि बाजू सोफ्याची होती.

काकांनी ठरवलं. "वयनीला तूच सांग. तुजं ऐकते. सांग, मॅडम पुन्याला गेली. लगीन झालं का येनार."

६. रुग्णाची भाषा

मराठी. (आगरी, असं स्नेहलला लिहायचं होतं. तेवढी जागा होती.)

७. रुग्णाला आजाराची पूर्ण कल्पना आहे का? आहे / नाही / काही अंशी

हा रकाना नंतर. आधी काका.

कारण महादेव भोपी दुष्ट माणूस नव्हता, आणि स्नेहलला ते माहीत होतं. आठ वर्षांपूर्वी दयारामच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलेलं जसंच्या तसं आत जाऊन भावाला सांगणारा महादेवच होता. लपवाछपवी जमायचीच नाही त्याला तेव्हा. दयारामने ऐकलं, भिंतीकडे तोंड केलं, आणि आठव्या दिवशी गेला. कुणाशी एक शब्द न बोलता. तेव्हापासून महादेवच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की आजाराने माणूस मरत नाही, सांगितल्याने मरतो. वहिनीचे रिपोर्ट आले त्या संध्याकाळी त्याने सगळ्यांना गच्चीवर नेऊन देवाची शपथ घातली होती. हाडांचा आजार, सगळ्यांनी एवढंच म्हणायचं. गोळ्यांची पाकिटं फोडून डबीत. फाईल कुलपात. आणि त्याच गच्चीवर, त्याच शपथेत, दुसरी गोष्ट: दिपिकाचं जमलेलं मोडता कामा नये. आईला छातीचा आजार म्हणजे उद्या पोरीलाही होणार, असं म्हणून दोन गावांतली स्थळं माघारी फिरलेली काकांनी डोळ्यांनी पाहिली होती. उलव्याला कळू द्यायचं नाही. आणि आईने लग्न बघायला हवं, म्हणून लग्न लवकर. मार्गशीर्षात मुहूर्त जुळेना, म्हणून भटजींनी ओढूनताणून जवळचा जो दिवस काढून दिला तो पौषातला. उलव्याला आणि चंद्रावतीला सांगायला कारण एकच: काकांचा मुलगा दुबईहून तेव्हाच येतोय.

एका दगडाखाली दोन गोष्टी दाबल्या होत्या. स्नेहलही होतीच तिथे गच्चीवर. शपथ तिनेही घेतली होती.

"सांगशील ना?" काकांनी विचारलं.

"नाही," स्नेहल म्हणाली.

"काय?"

"मॅडम पुण्याला गेल्या असं नाही सांगणार मी."

"मंग दुसरं सांग काय तरी!" गुणाआत्या म्हणाल्या. "खोटं बोलायला काय शालेत जावं लागतं का?"

"आत्या, त्यांच्याशी खोटं बोलून उपयोग नाही. त्यांना माहीत आहे."

वरून एक विमान उतरत गेलं, खिडकीची काच बारीक थरथरली. आणि मग स्नेहलने सांगून टाकलं.

७. (पुन्हा) आहे / नाही / काही अंशी

त्या दिवशी खोलीबाहेरच्या बाकावर ती फॉर्म मांडीवर घेऊन बसली होती. चंद्रावती शेजारी, डोळे मिटून, धाप निवण्याची वाट बघत. स्नेहलने ऋचाला हळूच विचारलं, इथे 'नाही' केलं तर?

ऋचा म्हणाली, "मग आज नको. आधी आमच्या समुपदेशक घरच्यांशी बोलतील, तुम्ही सगळे या. वर्गात आम्ही काही लपवत नाही ना, ताई. बायका आपापसात सगळं बोलतात. एखादीला तिथे अचानक कळलं तर तो अन्याय होईल."

घरच्यांशी बोलतील. म्हणजे काकांशी. म्हणजे हा बाक शेवटचा. शेजारी सासूच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. स्नेहलने 'आहे'वर खूण केली. तिला वाटलं होतं, पहिल्या दिवशी काय बोलणार आहेत बायका? हवापाणी बोलतील. आणि मग हळूहळू मी सांगेन, नीट वेळ बघून.

पहिल्याच दिवशी, उशांवर पाय टेकून पडल्या पडल्या, शेजारच्या चटईवरची वेणू नावाची बाई छताकडे बघत म्हणाली, "माझं लिव्हरला गेलंय. तुमचं कुठे?"

आणि स्नेहल दारात उभी होती.

चंद्रावती म्हणाली होती, "हाडांना." थोडं थांबून, "आन छातीत."

बस एवढंच. परत येताना गाडीत स्नेहल वाट बघत होती. आता विचारतील. आता रडतील. चंद्रावतीने विचारलं, "वांगी घ्यायची का गो? सांच्याला भाजी नाय घरात."

८. घरातील इतर व्यक्तींची संमती

निकेश उभा राहिला. "तू टिक केलंस? आम्ही सगळे इथे जीव तोडून... आणि तू एका फॉर्मवर टिक केलंस?"

"हो."

"चार महिने तू मला सांगितलं नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर तू काकांना सांगितलं असतंस."

"अर्थात सांगितलं असतं!"

"म्हणून."

"मारलीस तू तिला," गुणाआत्या म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत, म्हणून ते जास्त लागलं. "माजी वयनी चार मयने मराण उशाशी घेऊन झोपली. एकटी. कुनाला बोलली नाय. तुज्यामुलं."

दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून काका स्नेहलकडे बघत होते, आणि ती नजर रागाची नव्हती. हिशेब चुकलेल्या माणसाची नव्हती. पुन्हा एकदा दवाखान्याच्या दारातून आत जावं लागणाऱ्या माणसाची होती. "तिला ठाव हाय," ते स्वतःशीच म्हणाले. "आन ती जगतंय."

आत्या म्हणाल्या ते खोटं नव्हतं. चार महिने ती दर सोमवारी आणि गुरुवारी सासूच्या शेजारी बसून गाडीत गेली होती, आणि तिनेही विचारलं नव्हतं. आई, तुम्हाला कळलंय ना? एवढं वाक्य. पनवेल ते खारघर आणि परत, कितीदा. वेळ बघतेय, वेळ बघतेय, असं म्हणत तिने ती बाई एकटी सोडली होती.

आतल्या खोलीचं दार सरकलं.

९. इतर माहिती (असल्यास)

चंद्रावती दाराची चौकट धरून उभी होती. गाऊनवर टॉवेल, केस मागे बांधलेले. निकेश पुढे धावला. तिने हाताने थांबवलं. चौकटीपासून दिवाणापर्यंत सात पावलं होती आणि ती तिने एकटीने टाकली, दर दोन पावलांना थांबत. मग बसली. ओठ किंचित उघडे, श्वास हळू बाहेर. सगळे तिची धाप निवायची वाट बघत राहिले.

"गुणे," ती म्हणाली. "सुनेला बोलू नको. मना तिच्या आधी... ठाव व्हतं."

"कुनी सांगलं?" काकांनी विचारलं.

"तू."

"मी? मी कवा?"

"जुलैत. पेढं घेऊन आलास. म्हनलास, वयनी, दिपीचं लगीन ठरलं, पौषात." ती थांबली. श्वास आला. "मादेवा. चालीस वरसं मी मांडवात बसले. पौषात कुनाचा मांडव बगितलास आपल्यात? एक तरी?"

काकांचं तोंड उघडं राहिलं.

"पोराला सुटी..." ते म्हणाले.

"दुबईवाल्याला वैशाखात सुटी नसते? पौषातच असते?" तिच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काहीतरी आलं आणि खोकल्यात गेलं. खोकला संपायला वेळ लागला. दिपिका जिन्यावरून उतरून खाली आली होती, पण जवळ येत नव्हती. "धवलारणीला फसवाया निघालास. दुसरं काय तरी सांगायचंस. मी त्या रातीला मोजलं. वैशाखापर्यंत मी नाय, म्हनून पौष. आन मना सांगीत नाय, म्हंजे... तोच आजार. दुसऱ्याला कोन इतकं लपवतो?"

गुणाआत्यांनी पदर तोंडात धरला.

"मंग बोलली का नाय?" काकांचा आवाज फुटला. "आमी येवरं... वयनी, आमी रोज..."

"तुमी रोज हसायचा माज्यासमोर. येकेक जन. मी काय बोलू? तुज्या दादाला सांगलं तेवा तू किती दिस जेवला नवतास, मी बगितलंय." ती स्नेहलकडे वळली. "हिनं त्या वर्गात नेलं. तिथं पयल्या दिवशी ती वेणू म्हनते, तुमचं कुठं? बाजारात कोलंबीचा भाव विचारावा तसं. मना इतकं... सुटल्यासारखं झालं. आन दुसरं सांगू? तिथं शेवटाला सांगतात, आता पडा. भर दुपारी. बारा बाया आडव्या. उभ्या जल्मात मी दिवसा पाठ टेकलेली नाय. बालंतपनात सुदा. तिथं पडते आन कोन हाक मारीत नाय. चंद्रे, पानी दे. चंद्रे, आवाज दे. कोन नाय."

दम घेऊन ती पुढे म्हणाली,

"बरी नाय व्हनार मी त्यानं. ती ऋचाच सांगते तोंडावर. पन धाप लागली का पयलं वाटायचं, आता गेले. आता वाटतं, मोजूया. येवरंच हाय ते. येवरं बी काढून घेता?"

"पाच आठवडेच, आई," निकेश म्हणाला. त्याने ते म्हणायला नको होतं आणि म्हटल्याबरोबर त्याला ते कळलं.

"मना पाच आठवरे म्हंजे किती, ते तूच मोज रं बाला."

निकेश खाली बसला. जमिनीवरच.

आता सगळं पुन्हा एका जागी येऊन थांबलं होतं, आणि ती जागा म्हणजे दिपिका. काकांनी ते बोलून दाखवलं, कारण कुणीतरी दाखवायलाच हवं होतं. "वयनी, तुजं खरं. पन उलव्याला कललं, आन त्यांनी मोडलं, मंग पोरीनं काय करायचं? तू... नंतर आमालाच बगायचं ना तिच्याकरं."

पहिल्यांदाच त्यांनी 'नंतर' म्हटलं होतं. चंद्रावतीने मान हलवली, म्हणजे हे बरोबर आहे, हे विचारायलाच हवं.

"दिपे," ती म्हणाली. "लगीन तुजं हाय. तू सांगशील तसं. तू म्हनलीस वर्ग नको तर मी नाय जानार. खरंच नाय जानार. तोंड पारून बी नाय बसनार."

तिला वाटलं होतं सासू भांडेल. आणि सासूने सगळं पोरीच्या ओंजळीत ठेवलं होतं.

दिपिका उभीच होती. तिच्या केसांतलं तेल कपाळावर उतरलं होतं आणि ती ते पुसत नव्हती. "रोज रात्री तो विचारतो, आई काय करतेय," ती म्हणाली. "मी सांगते झोपलीय. सहा महिने तू झोपलीच आहेस, आई. परवा म्हणाला, एकदा बोलू तरी दे. मी म्हटलं, रेंज नाही." तिने नाक ओढलं. "मी लग्नात पण हेच करणार का? आणि त्यानंतर? तू गेल्यावर काय सांगू, कशाने गेली?"

"दिपी, बाय, इचार कर," गुणाआत्या म्हणाल्या.

"केला आत्या. मला रोज वाटतं, आज कुणीतरी सांगेल. रोज सकाळी फोन वाजला की मी आधी नंबर बघते." ती काकांकडे वळली. "मोडायचं असेल तर आत्ता मोडू दे. पत्रिका छापायच्या आत. लावा फोन."

गुणाआत्या उठल्या. क्षणभर वाटलं त्या निघून जातील. त्या दिवाणाकडे गेल्या आणि वहिनीच्या मागे, भिंतीला टेकून बसल्या, म्हणजे वहिनीला टेकायला पाठ मिळेल. "लाव रं मादेवा," त्या म्हणाल्या.

१०. तातडीच्या वेळी कुणाला कळवावे

काकांनी नंबर काढला. अंगठा पडद्यावर धरून ते तसेच बसले. मग त्यांनी मोबाईल स्नेहलपुढे केला.

"तू बोल. मी दादाला सांगलं व्हतं. माज्या तोंडून परत नको."

रागाने दिलं की विश्वासाने, ते तिला कळलं नाही. तिने फोन घेतला. नंबर दाबला.

"हां, बोला मादेवभाऊ!" हृतिकच्या आईचा आवाज मोठा, मागे मिक्सर चालू. "आमी आता तुमचीच आठवन काढली. मानपानाच्या साड्या आनल्यात, रंग बगायला या म्हनावं इवाईनबायला."

"काकी, मी स्नेहल. दिपिकाची वहिनी."

"आगो, बोल की! जेवलात का सगले?"

"काकी, आईंबद्दल सांगायचं होतं."

मिक्सर बंद झाला. पलीकडचा आवाज एकदम खाली आला, इतका की स्नेहलला फोन कानात रुतवावा लागला. त्या आवाजावरून तिला कळलं, की उलव्याच्या गल्लीत बोलणं आधीच पोचलंय, निदान अर्धं.

"थांब," हृतिकची आई म्हणाली. "ती जवल बसलीय का? उठून बाहेर जा पयली. मंग सांग."

स्नेहलने समोर पाहिलं. चंद्रावती नणंदेला टेकून बसली होती, डोळे उघडे, तिच्याचकडे लावलेले. तिच्या पायाशी निकेश. काका खिडकीकडे तोंड करून.

"नाही, काकी," स्नेहल म्हणाली. "त्या इथेच आहेत. त्यांच्यासमोरच सांगते."

आणि तिने सांगितलं. आजाराचं नाव, तो कुठपर्यंत गेलाय ते, आणि लग्न पौषात का धरलं ते. तीन-चार वाक्यांत झालं. मध्ये एकदा तिचा आवाज गेला, तेव्हा ती थांबली आणि पुन्हा त्याच शब्दापासून सुरू केलं.

पलीकडे एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग: "मी यांच्याशी बोलते. हृतिकशी बोलते. मंग सांगते." आणि मग, घाईघाईने, "चंद्राबायला सांग..." काय सांग, ते न म्हणताच फोन बंद झाला.

"काय बोल्ली?" चंद्रावतीने विचारलं.

स्नेहलच्या जिभेवर तयार वाक्यं होती. सहा महिन्यांत ती सगळ्यांच्याच जिभेवर तयार झाली होती.

"घरात बोलून सांगते म्हणाल्या. घाबरल्या, आई."

"घाबरनारच," चंद्रावती म्हणाली. "कुनी बी घाबरेल."

काका खिडकीपासून हलले नाहीत. त्यांचे खांदे हलत होते आणि कुणी तिकडे बघत नव्हतं. गुणाआत्यांनी चंद्रावतीच्या पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली. चंद्रावती म्हणाली, "जोरानं नको, हाडं कच्ची हायत," आणि आत्यांचा हात तिथेच थांबला, मग पंखासारखा हलका झाला.

दिपिकाचा फोन वाजला तेव्हा पाच मिनिटंही झाली नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने हृतिकचं नाव बघितलं आणि मग आईकडे बघितलं, परवानगी मागितल्यासारखं, पण परवानगी देण्याजोगं तिथे काही नव्हतं. तिने फोन कानाला लावला. हॅलो म्हणाली नाही.

"हो," ती म्हणाली. "खरं आहे."

मग ती ऐकत राहिली. खूप वेळ. हॉलमधले सगळे तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होते, आणि तिच्या चेहऱ्यावरून कुणालाच काही कळत नव्हतं. मग ती दिवाणापाशी आली आणि फोन आईपुढे धरून म्हणाली, "तुझ्याशी बोलायचंय त्याला."